धाप लागणाऱ्यांचा पहिला गट

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आज एका गटाची गोष्ट सांगते. गट म्हटले की आपल्याला बचत गट आठवतो. ठरलेला वार, ठरलेली वेळ, मांडीवर वही, हजेरी, हप्ता, आणि मीटिंग संपली तरी न संपणाऱ्या गप्पा. आजचा गट बचतीचा नाही. तो आहे छातीच्या दुखण्याने बेजार झालेल्या गरीब माणसांचा. तो सुरू झाला १९०५ साली, अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात.

तुम्ही म्हणाल, एवढ्या लांबची आणि एवढी जुनी गोष्ट आपल्याला कशाला? त्याचे कारण आपल्याच वहीत आहे. बहुतेक गटांत एक तरी बाई अशी असते की जी आधी सगळ्यांत पुढे असायची. मग एक मीटिंग चुकते, दोन चुकतात. मग हप्ता नातवाच्या हाती येतो. विचारले की उत्तर ठरलेले: ‘आजीला दमा आहे, चढ चढवत नाही.’ आपण नावापुढे गैरहजर लिहितो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. तिच्या छातीसाठी गोळ्या असतात, पंप असतो. पण घरात बसून तिच्या मनाची जी उलघाल होते, रात्री जी भीती वाटते, ‘आता मी सगळ्यांना भार झाले’ असे जे वाटते, त्याची विचारपूस कोण करते? छातीच्या दुखण्यात मनालाही आधार लागतो, हे माणसांना कसे कळले, आणि कळूनही पुन्हा पुन्हा कसे विसरले गेले, त्याची ही हकिकत आहे.

जंतू सापडला, औषध नाही

त्या काळी क्षयाला, म्हणजे टीबीला, औषध नव्हते. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख या डॉक्टरांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. म्हणूनच २४ मार्च हा दिवस जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळतात. पण चोर कोण ते कळले म्हणजे चोर हाती लागला असे होत नाही. क्षयाचा जंतू मारणारे पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ साल उजाडले. मध्ये एकसष्ट वर्षे गेली.

आपल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी याच मधल्या काळातल्या. १८८६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला त्यांनी डॉक्टरकीची पदवी घेतली, मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्या स्वतः डॉक्टर होत्या, दुखण्याचे कारण जगाला कळलेले होते, आणि तरीही त्यावर द्यायला औषध नव्हते.

या एकसष्ट वर्षांत एक विपरीत गोष्ट घडली. आधी लोक म्हणत, क्षय घराण्यातून येतो किंवा नशिबाने येतो. म्हणून घरची माणसे निदान उशाशी बसत. तो एकाचा दुसऱ्याला लागतो हे कळल्यावर माणसे उशाशी बसायलाही घाबरू लागली. घरमालक खोली देईना, मुकादम कामावर घेईना, शेजारी दार लावून घेऊ लागले. या भीतीला डॉक्टरांनी वेगळे नावच पाडले होते. मराठीत सांगायचे तर ‘क्षयभय’. आपल्याकडेही हे नवीन नाही. टीबी पसरतो तो खोकल्यातून, हवेतून. ताटवाटीतून नाही. तरीही कित्येक घरांत सुनेचे ताट वेगळे, तांब्या वेगळा, अंथरूण वेगळे झाले. खोकला बरा होतो, पण वेगळे ठेवलेले ताट बाई जन्मभर विसरत नाही.

तेव्हा उपाय एकच सांगत: मोकळी हवा, विश्रांती आणि चांगले अन्न. त्यासाठी डोंगरावर, झाडीत सॅनिटोरियम बांधली गेली. आपल्या देशात अल्मोडा, भोवाली, मदनपल्ली अशा ठिकाणी ती होती. आपल्या मिरजेजवळ वानलेसवाडीलाही होते. जवाहरलाल नेहरूंच्या पत्नी कमला नेहरू भोवालीला राहिल्या होत्या. पण सॅनिटोरियममध्ये महिनोन्‌महिने राहायचे म्हणजे पैसा हवा, आणि मागे घर चालवणारे कोणी हवे. शिवणकाम करून चार पोरे पोसणाऱ्या बाईने जायचे कसे?

बॉस्टनचा वर्ग

नेमका हाच प्रश्न बॉस्टनमधल्या जोसेफ प्रॅट नावाच्या तिशीतल्या डॉक्टरांना पडला. ते मोठ्या सार्वजनिक इस्पितळात काम करत. तिथे येणारे क्षयरुग्ण दाटीच्या वस्त्यांत राहणारे होते. बरेच जण दुसऱ्या देशांतून पोटासाठी आलेले. सरकारी सॅनिटोरियम गावाबाहेर होते, पण प्रत्येकाला तिथे जाता येईल असे नव्हते. प्रॅट म्हणाले, रुग्ण सॅनिटोरियममध्ये जाऊ शकत नसेल, तर सॅनिटोरियमची शिस्त त्याच्या घरी नेऊ. खर्चाला पैसे तिथल्या इमॅन्युएल चर्चने दिले. १९०५ च्या जुलै महिन्यात काम सुरू झाले.

त्याला त्यांनी ‘वर्ग’ म्हटले. आठवड्यातून एकदा सगळ्यांनी एकत्र जमायचे. संख्या वीस-पंचवीसच्या वर जाऊ द्यायची नाही, कारण प्रत्येकाची खबर डॉक्टरांना असली पाहिजे. प्रत्येकाला एक वही दिलेली. तिच्यात रोज लिहायचे: ताप किती, नाडी किती, काय खाल्ले, दूध किती प्यायले, किती तास उघड्यावर काढले, किती विश्रांती घेतली. उघड्यावर म्हणजे खरोखर उघड्यावर. कोणी गच्चीवर तंबू ठोकला, कोणी व्हरांड्यात खाट टाकली. बॉस्टनला हिवाळ्यात बर्फ पडतो. अशा थंडीत ही माणसे कांबळी लपेटून बाहेर झोपत.

आणि आणखी एक व्यवस्था होती. वर्गातर्फे एक बाई नेमलेली असे. ती घरोघर जाई. तिला ‘मैत्रीने भेट देणारी’ असे म्हणत. तंबू नीट लागला का, दूध मिळते का, घरात काय अडचण आहे, नवरा चिडला आहे का, भाडे थकले आहे का, हे सगळे ती बघे. तपासणीसारखी भेट आणि मैत्रीची भेट यांतला फरक आपल्याला कळतो. पहिलीला आपण पदर सावरून उत्तरे देतो. दुसरीला चहा करतो आणि खरे बोलतो.

त्याच वर्षी, त्याच इस्पितळात आणखी एक काम सुरू झाले. डॉक्टर रिचर्ड कॅबट यांच्या लक्षात आले, की आपण रुग्णाला चिठ्ठीवर ‘विश्रांती घ्या, चांगले खा’ असे लिहून देतो, पण तो घरी गेल्यावर ते कसे करणार याचा विचार कोणीच करत नाही. म्हणून त्यांनी गार्नेट पेल्टन नावाच्या नर्सबाईंना नेमले. इस्पितळाने त्यांना बसायला खोलीसुद्धा दिली नव्हती. येण्याजाण्याच्या वाटेवरच्या एका कोपऱ्यात त्यांचे टेबल होते. त्यांच्याकडे येणाऱ्यांत क्षयरुग्ण पुष्कळ असत. काही महिन्यांतच पेल्टनबाईंना स्वतःला क्षय झाला आणि काम सोडावे लागले. मग आयडा कॅनन या दुसऱ्या बाईंनी ते हाती घेतले आणि अनेक वर्षे वाढवले. आज आपल्या मोठ्या सरकारी इस्पितळांत समाजसेवा अधीक्षक असतात. अशा कामाच्या सुरुवातीच्या पाऊलखुणा त्या कोपऱ्यातल्या टेबलापाशी आहेत.

वहीने काय केले

प्रॅट यांचा मूळ हेतू साधा होता. एकेकाला तेच तेच सांगण्यात वेळ जातो, त्यापेक्षा वीस जणांना एकदम सांगू. पण आठवडे जाऊ लागले तसे वेगळेच घडू लागले. मीटिंगच्या दिवशी वजन व्हायचे, वह्या तपासल्या जायच्या. कोणाचे वजन वाढले की त्याचा आनंद सगळ्यांना व्हायचा. नवीन आलेला रुग्ण हताश होऊन कोपऱ्यात बसायचा. समोर मात्र त्याच्यासारखाच खंगलेला होता तो माणूस आज गाल भरून हसत बसलेला दिसायचा. डॉक्टरांनी शंभरदा ‘बरे व्हाल’ म्हटल्याने जे झाले नसते, ते एकदा त्या माणसाला पाहून व्हायचे. वेगवेगळ्या देशांची, वेगवेगळ्या पंथांची ही माणसे. एरवी एकमेकांच्या वाऱ्याला उभी राहिली नसती. दुखण्याने त्यांना एका बाकावर बसवले. ज्यांना शेजारी टाळत होते, त्यांना आठवड्यातून एकदा तरी अशी जागा मिळाली, की जिथे खोकला आला म्हणून कोणी उठून जात नव्हते.

इथे खरे ते सांगितले पाहिजे. मोकळ्या हवेने क्षयाचा जंतू मरत नाही. त्या वर्गातली सगळी माणसे वाचली असे नाही. आणि वर्गाचे नियमही कडक होते. काम पूर्ण सोडावे लागे. चार पोरांच्या आईला काम सोडायला सांगणे सोपे, पण तिचे काम दुसऱ्या कोणीतरी केल्याशिवाय ती विश्रांती घेणार कशी? म्हणून तर घरी जाणाऱ्या बाईचे काम एवढे महत्त्वाचे होते. शिवाय वर्गात दुखण्याची रडगाणी गायची नाहीत असा रिवाज होता. त्याने वातावरण हसतेखेळते राहिले खरे. पण ज्याला रडायचे होते त्याने कुठे रडावे, हा प्रश्न आज आपल्याला पडतो.

तरी प्रॅट यांनी एक गोष्ट पक्की ओळखली. आपण शिकवतो म्हणून माणसे सुधारतात असे नाही, तर ती एकमेकांच्या सोबतीने सुधारतात. पुढे १९३० साली त्यांनी बॉस्टनमध्येच दुसरा वर्ग काढला. तो क्षयाचा नव्हता. तपासणीत शरीराचे काही सापडत नाही, पण छाती धडधडते, झोप येत नाही, जीव घाबरतो, अशा माणसांचा तो होता. आज मानसोपचारात दहाबारा जणांना एकत्र बसवून उपचार करतात. त्या पद्धतीचा इतिहास सांगताना सुरुवात १९०५ च्या क्षयरुग्णांच्या वर्गापासून करतात. म्हणजे मनाच्या गट-उपचाराचा जन्म वेड्यांच्या इस्पितळात झाला नाही. तो खोकणाऱ्या गरीब माणसांच्या बाकावर झाला.

मद्रासची परीक्षा

आता आपल्या देशात येऊ. १९५० नंतर औषधे हाती आली, पण रुग्ण लाखोंनी आणि खाटा थोड्या. सगळ्यांना सॅनिटोरियम कुठून आणणार? तेव्हा मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, १९५६ साली एक मोठी परीक्षा घेतली गेली. शहरातल्या गरीब वस्तीतले जवळजवळ २०० रुग्ण घेतले. अर्ध्यांना सॅनिटोरियममध्ये ठेवले, अर्ध्यांना घरीच ठेवले. औषधे दोघांना तीच. सॅनिटोरियममध्ये जेवण चांगले, विश्रांती भरपूर. घरी दाटी, कष्ट आणि अपुरे अन्न. सगळ्यांना वाटले, घरचे मागे पडणार.

१९५९ साली निकाल छापला गेला आणि जग चकित झाले. औषध नीट घेतले तर घरचा रुग्णही जवळपास तेवढाच बरा होत होता. त्याच्यामुळे घरच्यांना जास्त लागण होते असेही दिसले नाही. उलट सॅनिटोरियममधूनच जास्त रुग्ण उपचार अर्धवट टाकून निघून गेले. घरच्या ओढीपुढे चांगले जेवण कमी पडले, असे म्हणायला हरकत नाही. या निकालाच्या आधारावर १९६२ पासून देशात क्षयाचा उपचार घरी राहून देण्याचा कार्यक्रम आला. क्षयरुग्णाला घरापासून तोडायची गरज नाही, हे जगाला आपल्या देशाने दाखवले.

पण यात एक गोष्ट नजरेआड झाली. मद्रासमध्ये घरच्या रुग्णांना नुसत्या गोळ्या देऊन सोडले नव्हते. आरोग्यसेविका त्यांच्या घरी जात, गोळ्या मोजत, विचारपूस करत. पुढे देशभर गोळ्या पोचल्या, पण तशी विचारपूस सगळीकडे पोचली नाही. आता २०१८ पासून क्षयरुग्णाच्या खात्यात पोषणासाठी दरमहा पैसे येतात, हे चांगलेच आहे. पोटाची दखल घेतली गेली. मनाची अजून घ्यायची आहे.

आणि टीबी बरा झाला तरी गोष्ट संपत नाही. काहींच्या फुप्फुसावर कायमचे वण राहतात आणि पुढे आयुष्यभर धाप लागते. रिपोर्टवर ‘बरा’ असे लिहिलेले असते, म्हणून त्यांची तक्रार कोणी ऐकून घेत नाही.

दम्याचे खापर आईच्या डोक्यावर

क्षयाच्या बाबतीत मन विसरले गेले. दम्याच्या बाबतीत उलटे झाले. तिथे सगळे खापर मनावरच फोडले गेले.

विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत फ्रान्झ अलेक्झांडर नावाचे मानसोपचारतज्ज्ञ फार प्रसिद्ध होते. मनातून उद्भवणाऱ्या दुखण्यांच्या यादीत त्यांनी दमाही घातला होता. त्यांचे म्हणणे असे, की दम्याची घरघर म्हणजे आईसाठी दाबून धरलेले रडणे. मग ओघानेच दोष कोणाचा? आईचा. ती फार लाड करते, नाहीतर मायाच करत नाही. काही डॉक्टर तर दम्याच्या मुलांना आईबापांपासून तोडून दूर ठेवत. डेन्व्हर शहरात अशी मुले महिनोन्‌महिने, कधी वर्षापेक्षाही जास्त, संस्थेत राहत. काही तिथे सुधारतही. घरातली धूळ, धूर, जनावरांचे केस यांपासून लांब गेल्यानेही फरक पडला असेल, पण दोष आईच्या पदरात पडला.

१९५६ साली पंप आला. त्याची गोष्ट सांगतात ती अशी: अमेरिकेतल्या एका औषध कंपनीच्या प्रमुखाच्या मुलीला दमा होता. केसांवर मारायचा फवारा बाटलीतून येतो, तसे माझे औषध का येत नाही, असे तिने बापाला विचारले. त्यातून दाबला की मोजके औषध सोडणारा पंप तयार झाला. पुढे कळत गेले की दम्यात श्वासनळ्यांना सूज येते, त्या आवळतात, आणि ते औषधाने आटोक्यात आणता येते. दमा ही आईची चूक नव्हती.

पण लंबक पार दुसऱ्या टोकाला गेला. मन हे कारण नाही ना, मग मनाचा संबंधच नाही, असे धरले गेले. मैत्रिणींनो, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दुखणे मनातून आलेले नसते, पण आलेले दुखणे मनात घर करते. पायात काटा मोडला तर काटा खरा असतो आणि पुन्हा पाय टेकायची भीतीही खरी असते.

झोपून राहा, ते चालायला लागा

धाप लागणाऱ्यांना डॉक्टर पूर्वी एकच सांगत: पडून राहा, दगदग नको. ऐकायला मायेचे वाटते. पण त्याने घात झाला. माणूस चालायचे सोडतो, मग पायांतली ताकद जाते. ताकद गेली की चार पावलांतच धाप लागते. धाप लागली की जीव घाबरतो. घाबरले की श्वास भरभर आणि वरवर होतो, आतली हवा नीट बाहेर पडत नाही, आणि धाप आणखी वाढते. मग माणूस उठायचेच टाळतो. घाण्याच्या बैलासारखे हे चक्र फिरत राहते. यातली धाप छातीची आहे, पण चक्राला गती देणारी भीती आहे.

हे चक्र तोडायचे काम न्यूयॉर्कमध्ये अल्व्हन बराक आणि नंतर डेन्व्हरमध्ये थॉमस पेटी या डॉक्टरांनी केले. साठच्या दशकात पेटी यांनी धाप लागणाऱ्या रुग्णांना उठवून चालायला लावले. ज्यांना गरज होती त्यांना सोबत नेता येईल असा ऑक्सिजन दिला. श्वास कसा सोडायचा ते शिकवले, दुखण्याची माहिती दिली, घरच्यांनाही सामील करून घेतले. फुप्फुस नवे होत नाही, पण माणूस पुन्हा अंगणात येतो, असे दिसले. आज अशा शिकवणीचे सहा ते बारा आठवड्यांचे वर्ग अनेक देशांत चालतात, बहुधा गटानेच. त्यांनी धाप कमी होते, आणि उदासी व भीतीही कमी होते, हे अभ्यासांतून पक्के झाले आहे. इंग्लंडमध्ये तर फुप्फुसाच्या रुग्णांचे गाण्याचे गट आहेत. आपल्या भजनी मंडळांना हे ऐकून नवल वाटणार नाही.

बॉस्टनचा बाक जिथे सुटला होता, तिथेच साठ वर्षांनी पुन्हा येऊन पोचलो, असे म्हणा ना.

आपल्या चुलीपाशी

आपल्याकडे बायकांच्या फुप्फुसाचे मोठे दुखणे चुलीशी जोडलेले आहे. विडी-सिगारेट न ओढताही, लाकूड, गोवऱ्या, काटक्यांचा धूर वर्षानुवर्षे छातीत गेला की श्वासनळ्या कायमच्या अरुंद होतात. डॉक्टर कागदावर ‘सीओपीडी’ लिहितात, घरात त्यालाही दमाच म्हणतात. पूर्वी हे दुखणे विडी ओढणाऱ्या पुरुषांचे समजत, म्हणून बाईची धाप ‘वय झाले’, ‘अशक्तपणा आहे’ यात मोडली गेली. आता गॅसची शेगडी बऱ्याच घरांत आली, पण सिलिंडर महाग म्हणून पाणी तापवायला आणि भाकरीला चूल पेटतेच.

अशा बाईच्या मनात काय चालते? धाप लागेल म्हणून लग्नाला जात नाही. पाहुण्यांसमोर खोकला आला तर लाज वाटते. जोराने खोकताना लघवीचे थेंब सुटतात, हे ती कोणाला सांगत नाही, मीटिंगला येणे मात्र सोडते. रात्री श्वास अडकेल म्हणून झोपायला घाबरते. आयुष्यभर दुसऱ्यांचे करत आलेली बाई आता पाण्याचा तांब्याही मागून घेते, आणि त्याचा तिला धापेपेक्षा जास्त त्रास होतो. फुप्फुसाच्या जुनाट दुखण्यात उदासी आणि घाबरेपणा इतर माणसांपेक्षा जास्त आढळतो, असे जगभरच्या अभ्यासांत दिसले आहे. तो तिचा नाटकीपणा नाही.

मग गटाने काय करावे? बॉस्टनच्या वर्गातून घेण्यासारखे सांगते.

पहिले, मैत्रीने भेट. मीटिंग चुकली की दोघींनी जाऊन यावे, हप्ता मागायला नाही, बसायला. मीटिंग कधी तिच्याच ओट्यावर घ्यावी. जवळ चूल पेटलेली नसावी, उदबत्ती लावू नये, आणि तिला दाराजवळ हवेशीर जागा द्यावी.

दुसरे, विचारणे. औषध घेतले का, एवढेच विचारू नका. झोप लागते का? जेवण जाते का? या आठवड्यात उंबऱ्याबाहेर किती दिवस गेलात? जगणे नको वाटते का? हा शेवटचा प्रश्न विचारायला भीती वाटते, पण विचारल्याने तसा विचार मनात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. आणि रडू आले तर रडू द्या. एवढी एक गोष्ट आपण प्रॅट यांच्यापेक्षा वेगळी करू.

तिसरे, वही. रोज किती पावले चालली, हे तिच्यासाठी कोणी लिहून ठेवले तरी पुरे. आज विहिरीपर्यंत, पुढच्या आठवड्यात देवळापर्यंत. चालणे किती वाढवायचे ते डॉक्टरांना विचारून. धाप लागली की बसून थोडे पुढे वाकावे, हात मांडीवर टेकावे, नाकाने श्वास घ्यावा आणि गरम चहावर हलकेच फुंकर घालतो तसा ओठ मिटते घेऊन सावकाश सोडावा. घेण्यापेक्षा सोडायला दुप्पट वेळ. फुंकणीत घालतो तशी जोराची फुंकर नको. हे शांत असताना रोज करून ठेवले, तर घाबरल्यावर आपोआप आठवते.

चौथे, औषध. पंपाची सवय लागते ही समजूत खरी नाही. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तो चालू ठेवावा. झोपेची गोळी मात्र कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नये, कारण काही गोळ्यांनी श्वास मंदावतो. ओठ निळे पडले, एक वाक्यही एका दमात बोलता येईना, किंवा गुंगी येऊन बोलणे असंबद्ध झाले, तर ती नुसती भीती नाही. लगेच १०८ ला फोन करून दवाखान्यात न्यावे.

पाचवे, मनाचा डॉक्टर. दोन आठवड्यांहून जास्त उदासी राहिली, खाणे-झोप गेली, मरणाचे विचार आले, तर आशाताईंना सांगा, आरोग्य केंद्रात सांगा. ‘टेलिमानस’ ही सरकारी फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. फुकट आहे, रात्रंदिवस चालते, मराठीत बोलता येते. मनासाठी औषध घेणे म्हणजे वेड लागणे नव्हे. ते छातीच्या औषधाबरोबर घेता येते, फक्त दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या गोळ्या दाखवाव्या.

हे सगळे करायला नवी योजना लागत नाही, नवी इमारत लागत नाही. १९०५ साली बॉस्टनमध्ये औषधच नव्हते. होते ते एवढेच: ठरलेला वार, प्रत्येकाची वही आणि घरी जाऊन बसणारी एक बाई. आज आपल्याकडे औषध आहे आणि बाकीच्या तिन्ही गोष्टीही गटात आहेत. फक्त त्या धाप लागणाऱ्या बाईच्या वाट्याला यायला हव्यात.

पुढच्या आठवड्यात मीटिंगच्या विषयांत हा एक विषय घ्या, आणि तुमच्या गटाने काय ठरवले ते आम्हाला जरूर कळवा.